जपानी घडीच्या पंख्यावर फुलं रंगवताना रंग का तडकतो, आणि मग काय करायचं

ताई, आधी तुमचा प्रश्न परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही ऑनलाइन कोरे पांढरे जपानी घडीचे पंखे मागवलेत, अ‍ॅक्रिलिकने गुलाब आणि जास्वंद काढलीत, उघडे असताना झकास दिसत होते, पण चारदोनदा उघडमीट केल्यावर घड्यांवर रंग तडकला, दोन पंखे तर बंद करून ठेवले ते आतल्या आत चिकटून बसले. आणि मे महिन्यात भाचीचं लग्न आहे, बायकांना द्यायला अजून पंधरा करायचेत, तर कुठल्या कंपनीचा रंग घेऊ.

कंपनी बदलून काही होणार नाही. मी मूळची नाशिकची, बरीच वर्षं क्योतोत आहे, पंख्याच्या कागदावर फुलं रंगवणं हेच पोटापाण्याचं काम, म्हणून जरा स्पष्टच सांगते. कॅनव्हासवरचं चित्र एकदा भिंतीवर लागलं की सुटलं, पंख्यावरचं चित्र मात्र आयुष्यभर मिटतं आणि उघडतं, घड्यांवर घासलं जातं, वारा घालताना वाकतं. म्हणजे रंग किती जाड लावायचा, फूल कुठे बसवायचं, मुळात कुठलं फूल घ्यायचं हे सगळं ती घडी ठरवते, तुम्ही नाही.

इकडे म्हणतात की क्योतोचा पंखा तयार होईपर्यंत ८७ वेळा हातांतून जातो. कामं खरंच वाटलेली असतात. बांबूच्या काड्या बहुतेक शेजारच्या शिगा प्रांतात आदोगावा म्हणून भाग आहे तिथून येतात, कागद जोडणारे वेगळे, वर्ख लावणारे वेगळे, चित्रवाले आम्ही वेगळे, घड्या घालणारे वेगळे आणि शेवटी काड्या भरणारे वेगळे. यातला क्रम नीट बघा, चित्र घड्यांच्या आधी येतं. आम्हाला मिळतो तो सपाट, कमानीसारखा कापलेला कागद, त्याला जिगामी म्हणतात, आणि तो एक कागद नसतो, मधे एक पातळ कागद आणि दोन्ही बाजूंनी एकेक असे थर चिकटवलेले असतात. चित्र पूर्ण वाळलं की घडीवाला तो कागद किंचित दमट करतो, दोन घडीच्या साच्यांमधे धरतो (हे साचे पण कागदाचेच, कच्च्या पर्सिमन फळाचा तुरट रस पाजून कडक केलेले) आणि हाताने घड्या पाडतो. मग मधल्या थरात बारीक पट्टीने फट पाडतात, त्यात तोंडाने फुंकर मारून ती फुगवतात आणि खळ लावलेल्या काड्या एकेक करून आत सरकवतात. आता विचार करा, रंग आधी ओलसर झाला, मग साच्यात दाबला गेला, मग फुंकरीने ताणला गेला, आणि हे सगळं पंखा कोणाच्या हातात जायच्या आधी! त्यात जो टिकेल तोच रंग पंख्याचा. तुम्ही हे उलट्या बाजूने करताय, तयार पंखा आणि वरून रंग. होतं तसंही, पण मग काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

पहिली सोडायची ती जाडी. जपानी चित्रांत ते जे गडद निळं आणि हिरवं दिसतं ते खनिज रंग, अ‍ॅझुराइट आणि मॅलाकाइटचे दगड कुटून केलेली पूड, आणि ती सरसात कालवून लावतात. सरस म्हणजे आपल्या सुताराकडचाच, जनावराच्या कातड्याचा, फक्त खूप स्वच्छ केलेला, इथे त्याला निकावा म्हणतात. या पुडीला बारीकपणाप्रमाणे नंबर असतात, ५ नंबर म्हणजे भरड, १३ म्हणजे बारीक, आणि त्याच्याही पुढे सगळ्यात बारीक असते तिला ब्याकु म्हणतात, पांढरी. गंमत अशी की दगड तोच पण जितका बारीक कुटाल तितका रंग फिका होत जातो. म्हणजे गडद निळा हवा तर भरड पूड हवी, आणि भरड पूड घडीवर टिकत नाही, झडते.

लोक इथेच फसतात. जपानी चित्रकार ओगाता कोरिनची आयरिसची फुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात, सोनेरी जमिनीवर निळ्या फुलांच्या रांगा, तोक्योच्या नेझू म्युझियममधे आहेत, अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. ती बघून येतात आणि पंख्यावर तसाच निळा थापतात. अहो पण तो पंखा नाही, तो पडदा आहे, सहा सहा फळ्यांचे दोन! फळ्यांच्या सांध्यात मिटतो, मधलं चित्र आयुष्यात एकदाही वाकत नाही. तिथे जाड रंग चालतो, आपल्याकडे नाही. पंख्यावर आयरिस काढायचीच तर बारीक पूड घ्या, किंवा सरळ वॉटरकलर, एक पातळ हात, फार तर दोन.

पांढऱ्याचंही तेच. इथला पांढरा म्हणजे गोफुन, कालवांचे शिंपले वर्षानुवर्षं उन्हापावसात ठेवून मग दळलेली पूड. ती घोटायची, सरस घालून गोळा करायचा आणि तो गोळा बशीत आपटत राहायचं, भाकरी थापताना जसा आवाज येतो ना तसा आवाज येतो, शंभरदा आपटा म्हणून शिकवतात, मग पाण्यात सोडायचा. (इथे १७५१ सालापासूनचं उएबा एसो म्हणून रंगांचं दुकान आहे, ते हल्ली या गोफुनचं नेलपॉलिश पण विकतात आणि ते रंगांपेक्षा जास्त फेमस झालंय.) पडद्यावर किंवा बाहुल्यांवर गोफुनने फुलांच्या पाकळ्या उठावदार करतात, पंख्यावर तो मोह टाळायचा. पांढरं फूल हवं तर कागदाचा पांढरा राखा आणि भोवती हलकी सावली द्या, त्याने फूल जास्त जिवंत दिसतं असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅक्रिलिक का चिकटलं तेही सांगते. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर प्लास्टिकची पापुद्र्यासारखी साय होते आणि ती उष्णतेने, दमटपणाने पुन्हा थोडी चिकट होते. घडीच्या पंख्यात रंगाला रंग समोरासमोर दाबून बसतो, वरून मिटलेल्या पंख्याभोवतीची कागदी पट्टी घट्ट, मग मे महिन्यात काय होणार. पोस्टर कलर उलट करतो, तो चिकटत नाही पण पावडर होऊन साडीला लागतो. चिकटलेले दोन पंखे ओढून सोडवायला जाऊ नका, कागदाचा वरचा थर निघून हातात येईल, ते गेलेच समजा.

मग वापरायचं काय, तर तुमच्याकडे जे ट्यूबमधले चांगले वॉटरकलर आहेत तेच. त्यांत डिंक असतो, डिंक पातळ लावला की घडीबरोबर जातो. जपानी गानसाई रंग पण साधारण त्याच जातीचे, फक्त थोडे जास्त गडद बसतात, मिळाले तर घ्या, नाही मिळाले तर काही अडत नाही. आणि पंधरा पाहुण्यांत कोणाला कातड्याचा सरस चालणार नाही हा पण विचार आहेच, नुसत्या डिंकाच्या रंगात तो प्रश्न येत नाही (गानसाईत मात्र कधीकधी सरस असतो).

आता रंग पसरतो त्याचं. कोऱ्या पंख्याच्या मागच्या बाजूला कडेला पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर कागदाला आधीच डोसा पाजलेला आहे (खायचा नव्हे, सरस आणि तुरटीचं पाणी, इकडे त्याला डोसाच म्हणतात, मला पहिल्यांदा ऐकून हसू आवरेना). थेंब लगेच जिरला तर कागद कोरा आहे आणि त्यावर पाकळीची कड कधीच धारदार येणार नाही. सपाट कागदासाठी आमचं साधारण प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्याला १५ ते २० ग्रॅम सरस आणि ५ ते ७ ग्रॅम तुरटी. सरस आधी तासन्‌तास भिजवायचा, मग मंद गरम पाण्यात विरघळवायचा, उकळायचा अजिबात नाही, उकळला की त्याची पकड जाते, आणि तुरटी शेवटी. तुमच्याकडे सरस नसेल तर बेकरीच्या सामानात मिळतं ते साधं बिनसाखरेचं जिलेटिन चालतं. तुरटी जास्त झाली की कागद कडक होतो, घडीवर तुटतो आणि काही वर्षांनी पिवळा पडतो, म्हणून थोडी कमीच बरी. तयार पंख्यावर हे लावायचं तर ब्रश जवळजवळ कोरडा करून, फक्त वरच्या बाजूला, एक हात, कारण पाणी जास्त झालं तर आत काड्या धरून ठेवणारी खळ सुटते. आणि पंख्याला जिलेटिन लावायचं तर वर म्हटलं तो पाहुण्यांचा विचार परत आलाच. त्यापेक्षा मी तर म्हणेन की पाणी न पिणारे पंखेच निवडून घ्या आणि हा उद्योग टाळा.

कागद स्वतः करायचा विचार असेल तर आपला सुती चिंध्यांचा हातकागद घेऊ नका. दिसायला सुंदर, पण जाड आणि तंतू आखूड, घडीवर लवकर फाटतो. जपानी कागद कोझो म्हणजे तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा असतो, तंतू लांब, म्हणून हजारदा मिटला तरी तग धरतो. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यातला जवळचा म्हणजे नेपाळचा लोकता.

पंखा कुठला घ्यायचा यावरही बरंच अवलंबून आहे. तुम्ही मागवलेले फोटोवरून उन्हाळी पंखे दिसतात, काड्या पस्तीसेक. जितक्या काड्या त्याच्या साधारण दुप्पट पट्ट्या (दोन घड्यांमधला भाग) कागदाला पडतात, म्हणजे २२ सेंटिमीटरच्या पंख्यात एकेक पट्टी वरच्या कडेलासुद्धा सेंटिमीटरभर रुंद नसते. त्यावर तुम्ही मुठीएवढा गुलाब काढलात, तो सात आठ घड्यांवर पसरला आणि प्रत्येक घडीवर फुटला. त्याऐवजी नाचाचा पंखा बघा, माई-ओगी नावाने मिळतो, साधारण २९ सेंटिमीटर लांब आणि काड्या फक्त १०. त्याची पट्टी वरती जवळपास तीन सेंटिमीटर भरते, एका पट्टीत एक छोटं फूल आरामात बसतं. शिकायला याच्यासारखा पंखा नाही. चहाच्या समारंभाचे पंखे १५ ते १८ सेंटिमीटरचे असतात पण ते शक्यतो उघडतच नाहीत, गुडघ्यासमोर मिटलेलेच ठेवून नमस्कार करतात, तेव्हा ते नकोत.

आता माझा आवडता भाग, फूल बसवायचं कुठे. पंखा वापरताना कधीच पूर्ण सपाट उघडत नाही, पट्ट्या नागमोडी उभ्या राहतात, म्हणून चित्र आडवं आक्रसतं. सपाट कागदावर काढलेला गोल शेवंतीचा चेहरा उघड्या पंख्यात उभट, चेपलेला दिसतो. म्हणून आम्ही मोठं फूल जरा आडवंच काढतो, किंवा समोरून न काढता कलतं काढतो, बाजूने दिसणाऱ्या फुलाला चेपलेपणा कळत नाही. दुसरं म्हणजे पट्ट्यांवर एकाआड एक सावली पडते, बारीक शेडिंग त्यात हरवून जातं, तेव्हा शेडिंगवर जीव पाखडू नका, आकार स्वच्छ ठेवा.

आणि देठ. चौकोनी कागदाची सवय असली की सगळे देठ उभे समांतर काढले जातात, पंख्यावर ते एकदम विचित्र दिसतं कारण पंख्याची प्रत्येक रेघ खालच्या खिळ्याकडे जाते. देठ त्या रेघांबरोबर सोडा, किंवा मुद्दाम त्यांना छेदून एकच फांदी कमानीच्या बरोबर आडवी फिरवा, दोन्ही चालतं, मधलं काहीतरी चालत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला क्योतोमधे तावाराया सोतात्सु नावाचा चित्रकार होता, त्याच्या तावाराया दुकानाचे पंखे नावाजलेले, आणि त्याची पंखे चिकटवलेली घडीची पडदा-चित्रं दाइगोजी देवळात आहेत, ती जरूर बघा, वस्तू कडेला अर्ध्या कापल्या जातात, मधे मोकळी जागा, सगळं त्या कमानीच्या तालात फिरतं. निम्मा कागद रिकामा ठेवायला धीर लागतो. आपल्याला भरगच्च आवडतं, पैठणीचा पदर बघत मोठे झालेलो आपण, पण पंख्यावर रिकामी जागा म्हणजे न तडकणारी जागा हे तरी लक्षात ठेवा.

रंगवायची पद्धत म्हणाल तर बाह्यरेषा काढून भरण्यापेक्षा त्सुकेताते शिका. ब्रश आधी फिक्या रंगात पूर्ण बुडवायचा, टोकाला गडद घ्यायचा आणि आडवा ठेवून एका फटक्यात पाकळी, छटा आपोआप पडते. मारुयामा ओक्यो (१७३३ ते १७९५) आणि त्याच्या नंतरच्या क्योतोच्या चित्रकारांनी ही पद्धत फार पुढे नेली. एकच थर असल्यामुळे पंख्याला ही जणू बनवूनच दिलीय. पानांसाठी ताराशिकोमी, म्हणजे पहिला रंग ओला असतानाच त्यात दुसरा थेंब सोडायचा आणि आपण हात मागे घ्यायचा, सोतात्सु, कोरिन यांच्या रिनपा परंपरेची खासियत. पण ते सपाट कागदावर करा, तयार पंख्याच्या घडीत पाणी साचतं आणि पानाऐवजी डबकं होतं.

तयार पंख्यावर काम करताना तो जबरदस्तीने सपाट दाबू नका. जेवढा सहज उघडतो तेवढा उघडा, दोन्ही बाहेरच्या जाड काड्या फोमबोर्डवर टाचण्यांनी अडकवा, ब्रश घडीच्या खोबणीकडून उंचवट्याकडे न्या आणि उंचवट्यावर रंग जवळजवळ पुसटच ठेवा. रात्रभर उघडा वाळू द्या, मग मूळच्या घड्यांवरूनच मिटून वरची कागदी पट्टी चढवा.

फुलांचं. साकुरा काढणार असाल तर पाकळीच्या टोकाला खाच हवी आणि फुलं लांब देठांवर घोसाने, ती प्लमशी गल्लत सगळेच करतात, प्लमची पाकळी गोल आणि फूल फांदीला चिकटून. आयरिसमधे पाकळीच्या मुळाशी पांढरी रेघ म्हणजे काकित्सुबाता, पिवळी म्हणजे हानाशोबु, जाळी म्हणजे आयामे. समोरून बरोबर सोळा पाकळ्यांची शेवंती काढू नका, ते राजघराण्याचं चिन्ह आहे, पाकळ्या कमीजास्त करा किंवा फूल वळवा. कॅमेलिया अख्खं फूल गळून पडतं म्हणून आजारी माणसाला देत नाहीत, लाल स्पायडर लिलीचा संबंध मृत्यूशी, दोन्ही लग्नात टाळलेली बरी. जपानी लग्नात शोभणारं म्हणजे पिओनी, पण ती मोठी आणि गोल, वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी एकाच फुलात. आणि एक रीत अशी की ऋतूच्या जरा पुढचं फूल काढायचं, भर उन्हाळ्याच्या पंख्यावर शरदातलं हागी, किक्यो, गवताचे तुरे, बघूनच गार वाटावं म्हणून.

आपल्या लोकांना मी हमखास सांगते ती गेंजीची गोष्ट. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या गेंजी मोनोगातारी या जपानी कादंबरीमधे एका पडक्या घराच्या कुंपणावर संध्याकाळी उमललेली पांढरी युगाओची फुलं नायक गेंजीला दिसतात, तो एक तोडायला सांगतो, तर आतून एक मुलगी सुगंध लावलेला पांढरा पंखा घेऊन येते, म्हणते यावर ठेवून न्या. मग त्या पंख्यावर कविता निघते आणि प्रेमप्रकरण सुरू. जपानी चित्रांत पंखा आणि पांढरं फूल दिसलं की लोकांना हे आठवतं. आणि युगाओ म्हणजे दुधी भोपळ्याचं फूल! आपण ज्याची भाजी बघून नाक मुरडतो तो.

तुमच्या पंधरा पंख्यांसाठी माझं मत विचाराल तर गुलाब, जास्वंद दोन्ही सोडा आणि प्राजक्त घ्या. फूल लहान, एका पट्टीत मावतं, पाकळ्या कागदाच्या पांढऱ्यातच राखता येतात, फक्त केशरी देठाचा एक ठिपका आणि भोवती अगदी फिकट राखाडी-हिरवी सावली. शिवाय सडा पडलेला काढायचा असल्यामुळे फांदी, देठ, दिशा यांची कटकट नाही, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ होत गेलं की झालं. रीतीप्रमाणे ऋतूच्या पुढचंही आहे, मे महिन्यात पावसाळ्यानंतरचं फूल. थोडी चमक हवी तर अभ्रकाची बारीक पूड डिंकाच्या पाण्यात कालवून चित्राच्या पार्श्वभूमीवर एक हात फिरवा, जपानी कागदावर ती रीत जुनीच आहे, आणि सोनेरी अ‍ॅक्रिलिकपेक्षा शंभरपट शोभते. मागच्या बाजूला फार काही नको, खालच्या कोपऱ्यात एखादं गळलेलं फूल पुरे.

देताना प्रत्येक पंख्यावरची कागदी पट्टी तशीच ठेवा आणि वापरून झाल्यावर परत पट्टी चढवायला सांगा, नाहीतर घड्या सैल पडतात. जुलैत हवा दमट झाली की खळ आणि डिंक दोन्हीला बुरशी धरते, तेव्हा पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत न कोंडता कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवायचा, आणि मधे एखाद्या कोरड्या दिवशी तासभर सावलीत उघडा करायचा.